इलियाने वाढवलेलं पाणी

इलियाला मत्सर करायला कारण लागत नसे, समोर पुरुष असला की पुरे. लग्न नवं होतं तेव्हा पावाच्या गाडीवाल्यावर जळायचा, मग चर्चमधल्या ऑर्गनवाल्यावर. एकदा तर दातांच्या डॉक्टरवरही उखडला, "माझ्या बायकोला तोंड उघडायला सांगणारा हा कोण टिकोजीराव?" वीटकारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसला, तेव्हा साऱ्या वर्बिक गावाला वाटलं, आता तरी विझेल. कसचं काय! रिकामा माणूस आणि सुकं गवत, दोघांनाही ठिणगी पुरते.

ठिणगी आली नदीपलीकडून. त्याची बायको यान्या सरकारसाठी पाणी मोजायची. रोज सकाळी सावा नदीच्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभ्या केलेल्या आकडेवाल्या पट्टीवर पाणी कुठवर चढलंय ते बघायचं आणि कळवायचं. समोरच्या काठावर, म्हणजे दुसऱ्या देशात, हेच काम झ्वोन्को करायचा. झ्वोन्को विधुर. मिशा तुपात बुडवून काढल्यासारख्या, आणि दर वसंतात नावेला नवा रंग. एवढ्यावरच त्याला फासावर द्यायला हवं, असं इलियाचं मत.

नदी एक, पण मोजणाऱ्या कचेऱ्या दोन. आमच्या पट्टीचं शून्य एका उंचीवर, त्यांचं दुसऱ्या. उन्हाळ्यात सरकारी वेळ बदलली की आमच्या तक्त्यातलं घड्याळ तासभर पुढे सरकायचं, त्यांच्या तक्त्यातलं जागचं हलायचं नाही. एकाच्या संगणकाला दुसऱ्याचं ओ की ठो कळत नसे. म्हणून एका मोठ्या पुरानंतर यान्या आणि झ्वोन्को यांनी आपसातच ठरवून टाकलं, रोज एकमेकांना फोनवर आकडा पाठवायचा.

फोन टिंग करून वाजायचा आणि यान्या हसायची.

"काय लिहिलंय?" इलिया विचारायचा.

"दोनशे बारा."

"दोनशे बारामध्ये हसण्यासारखं काय आहे?"

"तुला नाही कळायचं. तू आपली कॉफी पी."

ती कॉफी इलियाला वर्षानुवर्षं कडू लागली.

मग एके दिवशी अग्निशमन दलाच्या सभागृहात शहरातून एक तरुण इंजिनीयर बाई आली. तिने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की आता नदीकाठचे चारही देश पाण्याची माहिती एकाच पद्धतीने लिहिणार. शून्य एकच, घड्याळ एकच, रकानेही तेच. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या संगणकाला आपोआप वाचता येईल आणि कुलूपबिलूप काही नाही, कोणीही उघडून बघावं.

लोक जांभया देत होते. इलिया उठला.

"म्हणजे बाई, इकडच्यांनी तिकडच्यांना रोज फोनवर आकडे पाठवायची गरज उरणार नाही?"

"अजिबात नाही, काका."

इलियाने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच, पण कडकडून.

त्या दिवसापासून या पद्धतीला इलियाइतका कडवा भक्त चार देशांत मिळाला नसता. चर्च सुटलं की दारात उभा राहून तो लोकांना समजावायचा, "माहिती खुली पाहिजे! तक्ते जुळले पाहिजेत!" पट्टीच्या शून्याची उंची मोजायला माणसं आली, तेव्हा हा कंबरभर गार पाण्यात मोजकाठी धरून उभा. खानावळवाला द्रागो म्हणाला, "इलिया, जन्मात कधी बायकोच्या पायऱ्या झाडल्या नाहीस, आज नदीत उतरलास?"

"विज्ञानासाठी," इलिया दातांवर दात आपटत म्हणाला.

पद्धत सुरू झाली. टिंग बंद झालं. इलियाला पहिल्यांदाच कॉफी गोड लागली. पण ते सुख फार टिकलं नाही. एका दुपारी द्रागोने त्याच्यापुढे मासळीचं कालवण ठेवलं आणि सहज म्हणाला, "झ्वोन्कोच्या पट्टीवर आज करकोचा बसला होता म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? वाचलं. आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना असतो ना! आणि खाली तुझ्या यान्याचा शेरा: 'करकोचा इकडूनही दिसला, तब्येतीने बरा वाटतो.'" द्रागोने मिशी नसलेल्या ओठावर पीळ भरला. "करकोच्याबद्दलच असेल."

इलियाने कालवण बाजूला सारलं. आतापर्यंत जे दोघांत होतं ते आता चार देशांत पसरलं होतं, आणि त्यासाठी काठी धरून हाच नदीत उभा राहिला होता! त्याने तिथूनच इंजिनीयर बाईला फोन लावला.

"तो शेऱ्याचा रकाना बंद करा."

"नाही हो काका. पट्टीला ओंडका अडकला, बर्फ धरलं, तर ते कुठे लिहायचं? आकड्यासोबत शेरा हवाच."

"निदान कुलूप तरी घाला!"

"खुली म्हणजे खुली. तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात."

शरदात यान्या बहिणीकडे प्लमचा मुरंबा आटवायला गेली. जाताना बजावून गेली, "पट्टी वाच, आकडा भर. शेरा लिहू नकोस."

"तू लिहितेस ते चालतं?"

"मी लिहिते तेव्हा काहीतरी दिसलेलं असतं."

सकाळी इलियाने पायऱ्या उतरून पट्टी बघितली. घरी येऊन तक्ता उघडला, तर झ्वोन्कोने आकडा आधीच भरलेला. त्याचं पाणी इलियाच्या पाण्यापेक्षा दोन बोटं वर. काठावर लाट आली की एवढा फरक पडतोच, पण इलियाच्या डोक्यात जी उसळली ती लाट वेगळी होती. 'मिशा त्याच्या, नाव त्याची, करकोचा त्याचा, आणि आता पाणीही जास्त त्याचंच?' त्याने आपल्या आकड्यात वीस सेंटिमीटर घातले आणि बटण दाबलं.

घटकाभरात तक्त्यात यान्याच्या नावापुढे लाल खूण आली: 'आकडा संशयास्पद.' गावात तर आणखी गंमत. पाणी चढतंय म्हणून अग्निशमनवाल्यांनी पंप बाहेर काढले, वाळूच्या गोण्या भरायला घेतल्या. द्रागो काठावर जाऊन आला आणि इलियाच्या दारातूनच ओरडला, "अरे, तक्त्यात पलीकडे पाणी जिथल्या तिथे आणि इकडे वीत वर! नदी काय आता आडवी पडून वाहायला लागली?"

फोनवर लाल खूण दिसताच यान्या दुपारच्या बसने परतली. हातांना मुरंबा तसाच. आल्या आल्या तिने तक्ता उघडून त्या खुणेवर बोट ठेवलं. पुरातही तिच्या आकड्यावर कधी कोणी संशय घेतला नव्हता. ती ओरडली असती तर इलियाला बरं वाटलं असतं.

"पुसून टाकतो," तो म्हणाला.

"पुसता येत नाही. चुकीचा आकडा तिथेच राहतो. शेजारी खरा लिहायचा आणि का बदलला ते लिहायचं. तूच भाषणं द्यायचास ना?"

इलियाने खरा आकडा भरला. कारणापुढे टाइप केलं, 'वाचताना चूक.'

"वाचताना चुकलास?"

"...नाही."

"मग खोडून खरं लिही. नाव माझं आहे तिथे."

"झ्वोन्को वाचेल गं."

"वाचू दे."

"पार खाली बेलग्रेड शहरापर्यंत वाचतील!"

"इलिया, मी त्या पायऱ्या बर्फात उतरले, तापात उतरले. तुझी लाज मोठी की माझा आकडा?"

त्याने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं, 'मोजणारीच्या नवऱ्याने मत्सरापोटी वीस सेंटिमीटर वाढवले. मोजणारीचा दोष नाही.' बटण दाबताना डोळे मिटून घेतले. संध्याकाळी लाल खूण गेली. यान्याने हात धुतले आणि मुरंब्याची एक बरणी त्याच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या सकाळी ती निघाली तशी दारात थांबली. "येतोस? तूच बघ, पाणी कुठवर आहे ते." दोघं पायऱ्या उतरले. तिने दाखवलं, त्याने वाचलं, तिने फोनवर भरलं. पलीकडे नव्या रंगाच्या नावेजवळ एक मिशीवाली आकृती वाकलेली होती.

घरी पोचेपर्यंत तक्त्यात झ्वोन्कोचा आकडाही आला. त्याच्यापुढे शेरा: 'समोरच्या पायऱ्यांवर आज दोघं.'

यान्या हसली. इलियाने तो शेरा दोनदा वाचला आणि कप खाली आदळला.

"हा पाणी मोजायला येतो की आमच्याकडे बघायला?"