ठेवायचा होता तो पोचा

जगातली कुठलीही वस्तू आहे तशी राहू द्यायची नाही, असा पण करूनच आमचे मावससासरे जन्माला आले असावेत. मावससासरे म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. राहायला आगाशीला आणि वालीवला एक गाळा, जिथे जुन्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ते हाताने ठोकून पूर्ववत करायचे. धंदा म्हणून हे ठीकच, पण हा गृहस्थ धंदा गाळ्यात ठेवून घरी यायचाच नाही. माझ्या साखरपुड्यात गुरुजींनी कलशाला तांब्या मागितला, तर तांब्या गायब! शेवटी सापडला तो मागच्या अंगणात, या आमच्या काकांच्या मांडीवर. लाटण्याचं टोक आत घालून ते त्याचा पोचा काढत होते. गुरुजी कडाडले, "अहो, मुहूर्त टळतोय!" तर हे मान वर न करता म्हणतात, "मुहूर्त दुसरा निघेल हो गुरुजी. पण पोचा घेऊन संसार सुरू करायचा का?" एकदा आगाशीच्या बसमध्ये समोरच्या सीटचा पत्रा आत गेलेला दिसला, तर यांनी खिशातली छोटी हातोडी काढली. हो, खिशातली. लोक रुमाल ठेवतात तशी ते ती ठेवायचे. कंडक्टर धावत आला, "काका, गाडी सरकारी आहे!" "म्हणून तर कोणी हात लावत नाही," असं म्हणत त्यांनी नाळ्याच्या स्टॉपपर्यंत काम उरकलं.

पुट्टी हा शब्द त्यांच्या गाळ्यात शिवीसारखा होता. पोचा न काढता वरून पुट्टी थापून रंग मारणाऱ्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. काम संपलं की डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे. तळवा कुठेही अडखळला नाही, की मग चहा. पण हल्लीच्या गाड्यांना निम्मं अंग प्लास्टिकचं. चेपलं की काढून टाका, नवीन लावा. दोन्ही मुली पुण्याला नोकरीत, आणि गाळ्यात शिकायला येणारं कोणी नाही. "हे काम माझ्याबरोबरच जायचं जावईबापू," असं ते हसत हसत म्हणायचे. पण असं म्हणताना ते आपल्याकडे बघायचे नाहीत.

म्हणून माझ्या डोक्यात एक शहाणपण आलं. ऑफिसातल्या एका साहेबांना जुन्या मोटारींचा नाद होता, त्यांचा बारा-पंधरा जणांचा ग्रुपही होता. त्यांना हाताने पत्रा घडवायला शिकायचं होतं, काकांना शिकवायचं होतं. मी एक रविवार ठरवून टाकला. काकांनी आधी "छे छे, मला कुठं बोलता येतं" केलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाळा धुवायला घेतला. मावशीने जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवल्या, त्यात वाळू भरली, कारण पत्रा वाळूवर ठेवून ठोकायचा असतो. मी त्यांना एकच अट घातली होती, कुणाच्या हातातली हातोडी हिसकावून घ्यायची नाही. ती अट त्यांनी पाळली, पण काय हाल झाले त्या माणसाचे! हात पाठीमागे घट्ट धरून फिरत होते आणि बोटं आपापली वळवळत होती. एका डॉक्टरांनी पत्र्याची वाटी करायला घेतली, तिचा झाला पापड. काकांनी ती बराच वेळ न्याहाळली. "छान," म्हणाले, "यात वाल निवडता येतील." सगळा गाळा हसला. जेवायच्या वेळेपर्यंत मंडळी इतकी रंगली होती, की दर महिन्याला असा एक दिवस करायचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. काका मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "दर महिन्याला येतो म्हणतायत हो!" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

आता माझं पाप सांगतो. सकाळी भुईगावहून एक रिटायर्ड टीचर आल्या होत्या, वडिलांच्या जुन्या गाडीचं मडगार्ड चादरीत गुंडाळून. मी दारातच होतो, कानाला फोन, कारण जेवणवाला भलत्याच गाळ्यावर जाऊन उभा होता. टीचर म्हणाल्या, "खालची कड गंजलीय, तेवढी नवीन बसवायला शिकायचंय मला. पण वरचा पोचा तस्साच ठेवायचा हं. पप्पांनी मला गाडी शिकवली ना, तेव्हा मी विहिरीच्या कठड्याला घातली होती. पप्पा रागावले नाहीत, म्हणाले, राहू दे, तुझी आठवण. शेवटपर्यंत कोणाला काढू दिला नाही त्यांनी. सरांना सांगाल ना?" "सांगतो की," मी म्हटलं, आणि फोनवर जेवणवाल्याला रस्ता सांगू लागलो. झालं. विसरलो.

जेवायला सगळे बाहेर पत्र्याच्या शेडखाली बसले. काकांना जेवण जाईना. सकाळभर उपाशी ठेवलेले ते हात, समोर मडगार्ड, मडगार्डावर पोचा! आम्ही हात धुऊन आत आलो तर काका लग्नातल्या वरबापासारखे उभे. "टीचर, डोळे मिटा आणि हात फिरवा." बाईंनी हसत डोळे मिटले. हात पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. काहीतरी शोधत होता तो हात. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "इथे होता ना?"

काकांना कळायला वेळ लागला. टीचरनीच मग हळूहळू सगळं सांगितलं, विहीर, कठडा, पप्पा. काकांचा चेहरा पार उतरला. "थांबा, मी परत घालतो," ते घाईघाईने म्हणाले. "होता तस्सा घालतो, माझ्या हाताला पाठ आहे." हातोडी उचलली आणि ती वरच्या वर राहिली. पन्नास वर्षांत त्यांनी पत्र्याला पोचा पाडण्यासाठी कधी हातोडी मारली नव्हती. टीचरनी त्यांचा हात धरून खाली घेतला. "नको काका. तो आता तुमचा होईल, पप्पांचा नाही." काका सर्वांसमोर म्हणाले, "चूक माझी. विचारायला हवं होतं मी." मी दह्याचं भांडं हातात धरून उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सुटका होती त्यांची. नाही उघडलं.

पुढच्या महिन्याची तारीख विचारायला ग्रुपने दोनदा फोन केला. काका म्हणाले, "नको. न विचारता हात लावणाऱ्याने शिकवू नये." बायको मला रोज म्हणायची, "अहो, जाऊन सांगा ना त्यांना!" आणि मी रोज पुढचा रविवार धरायचो. वर्षभराने काकांनी गाळा विकला. तिथे आता खोके बनतात. त्यानंतरही मला आणखी एक वर्ष लागलं.

परवा गेलो शेवटी आगाशीला. मावशी आत चहा टाकत होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. काका शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "ठाऊक आहे मला. टीचर निघताना म्हणाल्या होत्या, मी जावयांना सांगितलं होतं म्हणून."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"जावयाचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं हो?" ते म्हणाले. "आणि मीच चूक माझी म्हटलेलं, ते मीच कसं फिरवू? म्हटलं, तुम्ही याल, मंडळींना सांगाल, आणि बोलता बोलता पुढची तारीखही निघेल. म्हणून तर वर्षभर गाळा ठेवला होता मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तेच गडबडले. "असू द्या हो, असू द्या," म्हणत माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत हाक मारली, "अगं, जावईबापूंच्या चहात साखर जरा जास्त टाक."