हाराखालचा लाल दिवा

कासारवाडीच्या आमच्या चाळीत शेजारणीच्या नवऱ्याने सायकलला डायनामो बसवला आणि मला अन्न गोड लागेनासं झालं. चाक फिरलं की पुढे लख्ख उजेड, मागे लाल दिवा. आमच्या ह्यांच्या सायकलला रॉकेलचा दिवा. त्याची काच रोज काजळायची, ती मी राखेने पुसायची. मी पुसायला बसले की शेजारीण नेमकी दारात यायची. "आमच्याकडं ही कटकटच न्हाई बघा, वहिनी," म्हणायची. मला तिचं तोंडसुद्धा बघवत नसे.

आमच्या दोघींच्या नवऱ्यांचा कारखाना एकच, पिंपरीचा. ओव्हरटाइम असला की मुंबई रस्त्याने अंधारात परतायचे. रस्ता अरुंद आणि मागून मालट्रक सुसाट यायचे. हे घरात येईपर्यंत माझं कशात चित्त लागत नसे.

खंडेनवमीला चाळीतल्या सगळ्या सायकली धुऊन पुजल्या. शेजारणीने मनगटाएवढा जाड झेंडूचा हार आणला, हँडलपासून पार मागच्या मडगार्डवर सोडला. आमच्या सायकलला वीतभर माळ. सगळी चाळ तिचीच सायकल बघायला जमली. मी आत भांडी आदळत बसले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी रस्त्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायला गेले, तर दोघं येताना दिसले. पुढे शेजारी, ऐटीत. मागे आमचे हे, आणि ह्यांचा दिवा हँडलला नव्हता, मागे कॅरिअरला बांधला होता. तेवढ्यात मागून ट्रक आला. भोंगा वाजवत इतका खेटून गेला की हे सायकलसकट कडेच्या मातीत उतरले.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, दिवा मागे कशाला बांधलात?"

"त्याचा लाल दिवा हाराखाली गेलाय. मागच्याला तो दिसतच नाही. म्हणून मी मागे राहतो. मला पुढचं त्याच्या उजेडात दिसतं."

"मग हार काढायला सांगा की!"

"सांगितलं. बायको काढू देत नाही म्हणतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. डायनामो तिचा, हार तिचा, मिरवायची ती, आणि राखणीला माझा नवरा!

सकाळी विळा घेऊन गेले आणि मडगार्डवरचा हार कचकन कापला. शेजारीण ओरडत आली. "अवो, पूजेची फुलं हायती ती! वाळल्याबिगर काढायची न्हाईत! एवढं जळताय व्हय आमच्यावर?"

"जळतेच," मी म्हटलं. "तुमच्या नवऱ्याच्या मागे माझा नवरा असतो, दिवा घेऊन. माझ्या नवऱ्याच्या मागे कोण असतं?"

तिने एकदा आमच्या सायकलकडे पाहिलं, कॅरिअरला बांधलेल्या दिव्याकडे. मग आपल्या सायकलच्या मागे खाली बसली आणि हाराखालून उघड्या पडलेल्या दिव्याची लाल काच पदराने पुसायला लागली.