रांगोळीचा ठोकळा

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मी साठीपुढच्या मंडळींना प्रोग्रॅमिंग शिकवतो. टाइप करायचं नाही. पडद्यावरचे रंगीत ठोकळे माउसने ओढून एकाखाली एक जोडायचे, की त्या क्रमाने कॉम्प्युटर काम करतो. मुळात हे लहान मुलांसाठी. पहिल्याच दिवशी पडद्यावर मांजर चालायला लागलं, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "मांजरामागे फिरायचं असतं तर घरीच थांबलो असतो." मग मी त्यांच्या वयाला शोभतील असे नवे ठोकळे बनवू लागलो.

वर्गात अमरावतीकडच्या एक काकू आहेत, मुलाकडे राहायला आलेल्या. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून दारातली रांगोळी सुटली. ती त्यांना पडद्यावर काढायची होती: सात ते एक ठिपक्यांची. ओळी काही जुळेनात. सोसायटीचा कार्यक्रम जवळ आलेला, तिथे वर्गाचं काम दाखवायचं होतं. मी घरूनच एक तयार ठोकळा करून आणला, ‘रांगोळी काढ’. काकूंनी तो दाबला. ठिपके, रेषा, रंग, सगळं झरझर उमटलं. टाळ्या झाल्या.

काकूंनी नाही वाजवल्या. "सर, याच्या आत काय आहे जी?"

"किचकट आहे हो. तुम्हाला कशाला तो त्रास?"

"मग ही तुमची रांगोळी झाली. मी तर नुसती बेल वाजवली."

बँकवाले हसले. मी नाही हसलो. आता सांगूनच टाकतो: त्यांचा त्रास वाचावा हा हेतू नव्हताच, कार्यक्रमात मला मिरवायचं होतं. आणि माझी ही खोड आजची नाही. आईच्या हातातला मोबाइल मी असाच काढून घ्यायचो, "आण इकडे, मी करतो." हळूहळू तिनं विचारायचंच सोडलं. ती शांत झाली म्हणून मला बरं वाटलं होतं. हे मी कुणाशी बोललो नव्हतो.

मी ठोकळा उघडून दाखवला. आत इतकी गर्दी, की मलाच क्षणभर उमगेना. काकूंनी चष्मा सारखा केला, सगळं पुसायला लावलं आणि स्वतःचा एकच छोटा ठोकळा केला: ‘ओळ’. त्यात ठिपके किती ते भरायला एक रिकामी जागा. सात, सहा, पाच... चालवलं. सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटून जिन्यासारख्या उभ्या राहिल्या.

उत्तर मला माहीत होतं. हात माउसकडे गेलाच.

"थांबा जी," काकू पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. हवेत चिमूट धरून त्यांनी एक ठिपका टाकला, मग त्याखालचा, किंचित उजवीकडे. पुन्हा एकदा. "हं. दोन ठिपक्यांच्या मधे बसतो नं हा."

मी हात खिशात घातला. त्या अर्ध्या अंतराचा ठोकळा त्या कसा करतात, हे मला खरंच बघायचं होतं.