नेपोलियनच्या पतनाचं गाळलेलं कारण

नेपोलियन का पडला, असं तुम्हालाही शाळेत विचारलं होतं ना? काय लिहिलं होतंत? रशियातली थंडी, स्पेनमधलं युद्ध, इंग्लंडची व्यापारकोंडी, अति महत्त्वाकांक्षा. पैकीच्या पैकी गुण. मग आता सांगा, त्या उत्तरात एक तरी गुलाम होता का?

मला हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये एका झाडाखाली पडला.

माझा मामेभाऊ सुहासदादा वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला राहतो. नागपुरात आम्ही एकाच गल्लीत वाढलो. माझे वडील सभेच्या मांडवाबाहेर सतरंजी टाकून पुस्तिका विकायचे आणि दादा त्या आम्हा पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. समता हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. आता तो संगणक अभियंता आहे. त्याच्या मुलीचं नाव मित्रा. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी पोचले त्याच आठवड्यात शनिवारी मराठी मंडळाची वक्तृत्व स्पर्धा होती. मित्रा पहिल्यांदाच चार लोकांसमोर मराठीत बोलणार होती. विषय तिनंच निवडला होता, नेपोलियनचं पतन. भाषण दादानं लिहून दिलं होतं.

दक्षिण बेटावरच्या अकारोआ गावात नेपोलियनच्या थडग्यावरच्या विलोच्या झाडाची फांदी आणून लावली होती म्हणे. मित्राला ते झाड बघायचं होतं, मला देश बघायचा होता. आम्ही तिघं निघालो. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत बोट इतकी हलली की वहिनीनं दिलेली पोळीभाजी मी समुद्रालाच अर्पण केली. पलीकडे उतरल्यावर दादानं एका डेअरीतून (कोपऱ्यावरचं छोटं दुकान) आल्याची बिस्किटं आणली. ती चघळत दक्षिणेकडे निघालो. डावीकडे समुद्र, उजवीकडे बर्फाचे डोंगर, आणि मागच्या सीटवर मित्राचं पाठांतर. "महत्त्वाकांक्षा" या शब्दाशी तिची झटापट शेवटपर्यंत चालू होती.

डोंगर उतरलो तशी खाली खाडी दिसली, वाडग्यात पाणी ठेवावं तशी शांत. गावात फ्रेंच वसाहतवाले आले होते, म्हणून रस्त्यांची नावं फ्रेंच, दुकानांवर फ्रेंच झेंडे. गावाचं नाव मात्र माओरी. अकारोआ म्हणजे लांब खाडी. धक्क्यावर बसून तळलेला मासा आणि बटाट्याचे काप खाल्ले. त्यातला निम्मा बटाटा समुद्रपक्ष्यांनी पळवला.

पाण्याकाठी विलो होते. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजीबाईंनी "किया ओरा" (माओरी नमस्कार) केला आणि सांगितलं की मूळ झाड केव्हाच गेलं, हे फार तर त्याचं नातवंड असेल, पण फोटो काढायला कोण अडवतंय?

मित्रानं झाडाला टेकून सगळी कारणं म्हणून दाखवली. मी तिला एक राहिलेलं सांगितलं. फ्रेंच राज्यक्रांतीनं वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती. नेपोलियननं ती पुन्हा लादली. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, ज्याला आज हैती म्हणतात, सुटलेल्या माणसांना पुन्हा दाव्याला बांधायला त्यानं फौज पाठवली. त्या माणसांनी ती फौज धुळीला मिळवली. अमेरिकेत साम्राज्य उभारायचं त्याचं स्वप्न तिथेच बुडालं. डोक्यावर मुकुट चढायच्या आधीच त्याच्या पतनाला सुरुवात झाली होती.

"सो दे बीट हिम? मग बाबांनी का नाही लिहिलं?"

दादा म्हणाला, "ते सैनिक पिवळ्या तापानं मेले. उगाच काही सांगू नकोस तिला."

"तापानं मेले म्हणून मोजायचं नाही? मग मॉस्कोहून परतताना थंडीनं मेले ते कसं चालतं रे, दादा?"

माझा आवाज चढला होता. सम्राटाला हरवल्याचं श्रेय आपण बर्फाला देतो, चिखलाला देतो, त्याच्या पोटदुखीलासुद्धा देतो. पायातली बेडी तोडून उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढं देत नाही. ज्यांनी आपल्यालाही असंच पुस्तकाबाहेर ठेवलं, त्यांचीच उत्तरं आपण मुलांकडून घोकून घ्यायची?

दादा हळू म्हणाला, "इथे आपल्याला कोणी जात विचारत नाही गं. ती स्टेजवर गुलाम-गुलाम करायला लागली की मंडळातले लोक विचारतील, तुम्ही नक्की कुठले? तू जाशील परत. मला इथे राहायचंय."

मला राग आला, आणि तो एकट्या दादावर नव्हता. बारा हजार किलोमीटर दूर येऊनही ज्या प्रश्नाची धास्ती सुटत नाही, तो प्रश्न इथवर कोणी आणला?

शनिवारी सभागृह भरलं होतं. टेबलाशी बसलेले एक गृहस्थ वेळ झाली की घंटा वाजवत. मित्राच्या आधीचा मुलगा किवी पक्ष्यावर बोलताना अडखळला, वेळ उलटली, तरी त्यांचा हात घंटेवर थांबला होता. सगळे कौतुकानं हसले. मग मित्रा उभी राहिली. थंडी झाली, स्पेन झालं, महत्त्वाकांक्षासुद्धा न अडखळता झाली. दादानं लिहिलेलं संपलं. ती खाली उतरली नाही.

"अजून एक कारण आहे. हैतीमध्ये गुलाम लोक होते. ते..."

घंटा वाजली. "छान हं बाळा, वेळ संपली," गृहस्थ म्हणाले. टाळ्या झाल्या. ती तोंड उघडं ठेवून क्षणभर उभी राहिली आणि उतरली.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबल्यावर दादानं आरशातून मागे बघितलं. "तुझं वाक्य राहिलं ना? पूर्ण कर."

मित्रानं शब्द गोळा केले. "ते नाही म्हणाले. परत गुलाम होणार नाही म्हणाले. म्हणून तो हरला."

सिग्नल हिरवा झाला. दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी हे सगळ्यात आधी बोलायचं. मग वाजवू दे त्यांना घंटा."

परतीच्या विमानात मला तो विलो आठवत नव्हता. आठवत होतं ते त्या मुलीचं उघडं राहिलेलं तोंड. साम्राज्यं नुसत्या थंडीनं पडत नाहीत. खालचा माणूस नाही म्हणतो, तिथून ती पडायला लागतात. हे मुलांना कळू नये म्हणूनच कारणांची यादी इतकी नीटनेटकी असते.

म्हणून एक मागणं आहे. आज घरातल्या मुलाचं इतिहासाचं पुस्तक उघडा. कोणत्याही एका सम्राटाचं पतन काढा आणि मुलाला विचारा, यात कोण राहिलंय? तो चाचपडेल, अर्धं इंग्रजीत बोलेल, वेळ लावेल. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत घंटेला हात लावू नका.