घुंगरं बांधलेली वायर

"गेलं! दादा, पुन्हा गेलं! त्या बसप्पाकाकाला मी आज सोडत न्हाई!"

माझी धाकटी बहीण सविता लॅपटॉप तसाच टाकून ओरडत जिना उतरली... आवाज असा की माझ्या हातातली भाकर ताटात पडली!

आधीच सांगतो, भूतबीत मी मानत नाही. अमावस्येला नवी गाडी घेऊन माहूरचा घाट चढलेला माणूस आहे मी. तेव्हा हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

उदगीरच्या बाजारात आमचं बैलांच्या साजाचं दुकान आहे — घुंगरमाळा, झुली, म्होरक्या. मागेच घर. आमच्याकडे नेटची वायर गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत येते. खांबावरून पहिली शेजारच्या बसप्पाकाकांच्या गच्चीवर, तिथून आमच्या. टाकताना त्यांना विचारायचं राहून गेलं... बास, एवढंच कारण! सविता लॅपटॉप उघडून बसली की काका गच्चीवर चढणार आणि वायरीचा जोड उपसून ठेवणार. विचारलं तर म्हणणार, "यप्पा, माकडं लई झालीत." अख्ख्या उदगीरात चष्मा लावणारं तेवढं एकच माकड!

एरवी चाललं असतं. पण सविताची पुण्याच्या कंपनीत व्हिडिओवर मुलाखत ठरली होती. आणि बाबांनी बजावलं होतं, "नोकरी लागली तर ठीक. न्हाई तर देगलूरच्या स्थळाला होकार कळवतो." त्या मुलाला सवितानं एकदाच पाहिलं होतं. तिला तेवढं पुरलं होतं.

मग मी डोकं चालवलं. मुलाखतीच्या दिवशी सकाळीच दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या घुंगरमाळा आमच्या गच्चीवरच्या वायरीला बांधल्या. काकांनी तिकडून नख लावलं तरी लातूरपर्यंत ऐकू जावं असा बंदोबस्त! आणि काकांना सुगावा नको म्हणून आदल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही.

मुलाखत भर दुपारी. सविता वरच्या खोलीत, मी बाहेर गच्चीत काठी घेऊन. मध्येच कुणाचा फोन नको म्हणून दोघांचे मोबाइल बंद करून माझ्या खिशात. ऊन असं की टाकीत पत्ती-साखर टाकली असती तर गल्लीभर चहा झाला असता. वारा ठार बंद. आतून सविता म्हणाली, "गुड आफ्टरनून सर"...

आणि घुंगरं वाजायला लागली!

काठी उगारून धावलो. काकांची गच्ची रिकामी! खाली ओसरीत काका घोरत पडलेले मला दिसत होते. तरी घुंगरं वाजतायत — झुणुक, झुणुक — भरल्या गाडीची बैलजोडी संथ चालावी तशी. त्या उन्हात माझ्या अंगावर काटा! आत सविता धडाधड बोलतेय, साहेब लोक हसतायत, आवाज एकदाही अडकला नाही. "थँक यू सर" झालं... आणि घुंगरं गप्प.

"दादा, झालं! पण बघ की, राउटरचा नेट गेल्याचा लाल दिवा आत्ता लागला."

मी कठडा ओलांडून वायर धरत निघालो. काकांच्या टाकीपाशी वायर संपली. कापलेली! पुढचा तुकडा दोन गजांना ताणून बांधलेला, आणि त्यावर काकांचं धोतर वाळत होतं.

खाली जाऊन काकांना गदागदा हलवलं. "काका, वायर कधी कापली?"

"कालच कापली की. रोज चढून जोड उपसायचा म्हंजे... गुडघे लई दुखायलेत."

काल!

सविताला नोकरी लागली, देगलूरला नकार गेला. नेटवाल्यानं वायर उलटीपालटी बघितली आणि माझं तोंड हुंगलं. मी तर शपथेवर सांगतो, आजपर्यंत मला उलगडा झालेला नाही.

पेढे घेऊन काकांकडे गेलो. हातवारे करून सगळं सांगितलं — घुंगरं, लाल दिवा, सगळं. आणि शेवटी, पहिल्यांदाच, विचारलं, "काका, तुमच्या गच्चीवरून नवी वायर नेऊ का?"

काकांनी पेढा संपवला, धोतराला हात पुसला.

"वायर नसताना चाललं म्हणून सांगायलास ना? मग आता कशाला पायजे?"