डोलकाठीवरचं काळं निशाण

नाटे बंदरासमोर उभी असलेली ती होडी मी अजून विसरलेलो नाही.

देशाच्या एका मोठ्या नेत्याची हत्या झाली होती. ठाण्यावरचा तिरंगा अर्ध्यावर उतरला होता, बाजार कडकडीत बंद होता, आणि मी, नवा कोरा फौजदार, आपल्या हातून एखादी कामगिरी कधी घडते म्हणून तळमळत होतो. अशात सकाळीच खबऱ्याचा फोन आला. एक मच्छीमार होडी कालपासून नांगर टाकून उभी आहे. मासळी उतरवत नाही. डोलकाठीच्या अर्ध्यावर काळं निशाण आहे.

चोरटं सोनं, दुसरं काय? मला वर्तमानपत्रातला माझा फोटोसुद्धा दिसू लागला. हवालदार आणि दोन पंच घेऊन मी भाड्याच्या होडीतून निघालो.

होडीचा म्होरक्या, तांडेल, पन्नाशीचा, अंगात नुसती गंजी.

"हा इशारा कोणाला?" मी दरडावलं.

"इशारा नाय साहेब. दुखवटा."

"मग किनाऱ्याला का येत नाहीस?"

"आलो की मासळी उतरणार, लिलाव होणार, आरडाओरडा होणार. घरात मयत असताना दारात बाजार मांडतात काय?"

इतकं सरळ उत्तर मला पटेना. होडी जप्त करतो म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. तिच्यावर सहा घरं जगत होती.

"बघा, काय ते बघून घ्या," तो म्हणाला.

मासळीचा खण उपसला. बर्फाचं पाणी झालेलं, सुरमई नरम पडलेली. सोनं नव्हतं.

शेवटी हवालदारांनी निशाण उतरवलं आणि त्यांचे हात काळे झाले. इंजिनाचं जळकं तेल. मी ते दोन बोटांनी उलगडलं. कॉलर, बटणं, खिसा.

"शर्ट कोणाचा?"

"माझाच. लेकीच्या लग्नातला, पांढरा. रेडिओवर ऐकलं, तर होडीवर काळं कापड नाय. मग तेलात बुडवला."

"किनाऱ्याला कधी येणार होतात?"

"आज दिवस मावळला की. अग्नी दिल्यावर."

"तोवर मासळी नासेल."

"नासलीच, साहेब."

यात फायदा कोणाचा, हा पोलिसाचा पहिला प्रश्न. नुकसान कोण सोसतंय, हेही विचारावं, हे मी त्या खणाच्या काठावर शिकलो.

पंचनाम्यात 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असं लिहून घेतलं. शर्ट हवालदारांनीच परत दोरीला बांधला, अर्ध्यावर चढवला आणि सावधान उभं राहून सॅल्यूट ठोकला. मीही ठोकला.

पुढे मोठमोठ्या अंत्ययात्रांचे बंदोबस्त केले. हुकूम नसताना ठोकलेला सॅल्यूट तेवढा एकच.