सरोजबाईंची फिरती प्रत

सरोज गुप्ते बाईंना मोबाईल येत नाही असं कुणी म्हटलं की बाई उखडायच्या. मोबाईल त्यांना चांगला यायचा. नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारे घरगुती उपचार कसे थापा आहेत, हे त्या पाच मिनिटांत शोधून काढायच्या आणि वर भांडणही ओढवून घ्यायच्या. त्यांना जमत नव्हतं ते वेगळंच. कल्याणच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं समाजशास्त्र शिकवून एम.ए.चा वर्ग काही त्यांना बोलता करता आला नव्हता. प्रश्न विचारला रे विचारला, की चाळीसच्या चाळीस जण मिठाची गुळणी धरून बसणार!

म्हणून बाईंनी फिरती प्रत काढली होती. वाचायच्या लेखाची एकच झेरॉक्स, भरपूर समास सोडून काढलेली. आठवडाभर ती वर्गात या हातातून त्या हातात जायची. वाचायचं, वाटेल ते समासात पेन्सिलीने लिहायचं, दुसऱ्याचं पटलं नाही तर त्याखाली तसं लिहायचं. नाव मात्र कुणी घालायचं नाही. तोंड न उघडणाऱ्या पोरांची तिथे अशी काही जुंपायची की बाई प्रत घरी नेऊन एकट्याच हसत बसायच्या.

यंदा विभागप्रमुख श्रीपाद सरांनी ठरवलं, पुढच्या वर्षापासून हे सगळं मोबाईलवर. असे प्रोग्रॅम आता मिळतात म्हणे. लेख पडद्यावर उघडायचा, ओळ निवडून बाजूला शेरा लिहायचा, तो सगळ्या वर्गाला दिसतो. कुठला घ्यायचा ते सरोजबाईंनी महिन्याभरात सांगावं. विभागातल्या तरुण प्राध्यापिका अंतराने त्यांना दोन निवडून दिले आणि म्हणाली, “मॅडम, पहिला भारी आहे. मार्कसुद्धा तोच देतो.”

पहिल्यात नाव आणि फोटो लावल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. बाईंनी त्यावर ठाण्याच्या खाडीवरचा एक जुना सरकारी अहवाल चढवला. दोन वर्षांपासून फिरत्या प्रतीतून तोच चालला होता; या वर्गानेही तो गेल्या सत्रात वाचला होता. चार दिवसांत दोनशे शेरे आले. बाई हरखल्या. मग वाचायला बसल्या आणि कपाळाला हात लावला. “खूप छान मुद्दा.” “मी सहमत आहे.” “साकेत, मस्त लिहिलंस.” मार्कांची यादीही आली होती. साकेतला दहापैकी दहा, मंजुळा नाखवाला शून्य.

आता बाईंची एक खोड होती. यादी हातात आली की हजेरीसारखी मोठ्याने वाचायची. ती त्यांनी वाचली. शून्यापाशी थांबल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मंजुळा, अगं खाडीच्या काठावर राहतेस ना तू? तुझ्या दारातला विषय, आणि तुला एक ओळ सुचू नये? वाचतेस तरी का?” मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मंजुळाने वही मिटून पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या सोमवारी तिची मैत्रीण सान्वी सांगत आली, “मॅडम, ती बोलते, आता डायरेक्ट परीक्षेलाच येणार. नाहीतर तेही नाही.”

त्या दुपारी ठाण्याला, खोपटच्या घरी बाईंनी गेल्या सत्रातली फिरती प्रत काढली. दोन्हीकडचे शेरे ताडून बघावेत, इतकंच मनात होतं. सातव्या पानावर अहवालातलं वाक्य होतं: या खाडीत स्त्रिया मासेमारी करीत नाहीत. पडद्यावर त्या वाक्याशेजारी काही नव्हतं. कागदावर मात्र बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं, “मग निवट्या कोण पकडतं? कालवं कोण फोडतं? गुडघाभर चिखलात उतरून हाताने मासे धरणाऱ्या बाईला होडी नाही, म्हणून ती मोजायची नाही का?” खाली चौघांनी वाद घातला होता आणि त्या अक्षराने चौघांनाही पुरून उरेल असं उत्तर दिलं होतं.

बाईंना हा शेरा पाठ होता. कुणाचा, हे नियमाप्रमाणे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता त्यांनी ट्युटोरियलच्या वह्यांचा गठ्ठा सोडला. बाराव्या वहीत तेच झुकलेलं अक्षर सापडलं. वर नाव होतं, मंजुळा भिवाजी नाखवा.

वर्गातल्या सगळ्यांत चांगलं वाचणाऱ्या पोरीला आपण चारचौघांत विचारलं, वाचतेस तरी का! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ठेवलेला चहा उकळून आटून गेला तरी कळलं नाही. सान्वीकडून नंबर घेऊन त्यांनी तीनदा फोन लावला. मंजुळाने उचलला नाही.

विभागाच्या मीटिंगमध्ये श्रीपाद सर म्हणाले, “गुप्ते मॅडम, पहिलाच घेऊ या. मार्क आपोआप पडतात, आपला वेळ केवढा वाचतो!”

“वेळ वाचवून करायचं काय, सर? पोरांनी लिहिलेलं वाचायचं नाही तर आपण येतो कशाला?” बाईंचा आवाज चढला. मग त्यांनी सातवं पान टेबलावर ठेवलं आणि आपण काय करून बसलो ते सगळं सांगितलं. शून्याची यादी वाचल्याचंही सांगितलं.

सरांनी प्रतीचं पान दोनदा वाचलं. “ठीक आहे, दुसरा एक आठवडा चालवून बघा,” ते म्हणाले. “पोरं लिहिती झाली तर तो. नाहीतर पहिला, आणि मग कुरकुर नको.”

दुसरा दिसायला अगदीच साधा होता. मार्क नाहीत, फोटो नाही, नाव मनाला येईल ते घ्यावं. बाईंनी तोच अहवाल चढवला आणि सातव्या पानावर पहिला शेरा स्वतःच लिहिला, स्वतःच्या नावाने: “इथे कुणीतरी पेन्सिलीने फार मोलाचं लिहिलं होतं. ज्या मुलीने लिहिलं, तिला मी भर वर्गात वाचत नाहीस म्हणाले. मी चुकले. मला ते पुन्हा वाचायचंय.”

वर्गात कुजबुज झाली. मॅडम आणि चुकले? पण मग शेरे यायला लागले. ‘टिटवाळा फास्ट’ नावाच्या कुणीतरी अहवालातले आकडे खोडून काढले. ‘वडापाव’ त्याच्याशी कडाकडा भांडला. सातव्या पानावर मात्र बाईंचा शेरा एकटाच. बाई भाजी निवडताना बघत, रिक्षात बघत, पर्यवेक्षणाला उभ्या असताना चोरून बघत. सहावा दिवस तसाच गेला.

सातव्या दिवशी सकाळी त्या पोहे परतत होत्या आणि फोन वाजला. सातव्या पानावर उत्तर आलं होतं. टोपणनाव नव्हतं, पूर्ण नाव होतं, मंजुळा भिवाजी नाखवा. बाईंनी गॅस बंद केला आणि उभ्याउभ्याच वाचलं.

“मॅडम, आजीला हे वाक्य वाचून दाखवलं. ती हसली. बोलली, तो साहेब भरतीला आला असेल. ओहोटीला आला असता तर आम्ही दिसलो असतो.”

खाली अजून एक ओळ होती. “उद्या वर्गाला येते.”